उतारावर लावलेली गाडी

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबांची ड्यूटी होती. रजा मिळाली नसती असं नाही, त्यांनी मागितलीच नाही. धसईहून कल्याणला जाणारी सकाळची गाडी त्या आठवड्यात त्यांच्याकडे होती आणि मला कल्याणपर्यंत जायचंच होतं. मग रजा फुकट का घालवायची, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यामुळे मी कॅनडाला निघाले ती बापाच्याच एसटीत बसून, रीतसर तिकीट काढून. कंडक्टर काका पैसे घेईनात, तेव्हा बाबांनी समोरच्या आरशातून त्यांच्याकडे एकदाच बघितलं. काकांनी मुकाट्याने तिकीट फाडलं. आई शेजारी बसून सगळा रस्ता माझा हात धरून होती आणि मी बाबांच्या मानेकडे बघत होते. चालकाशी बोलू नये, असं त्यांच्या डोक्यावर लिहिलेलं होतं. ते नसतं तरी आम्ही फार काही बोललो असतो असं नाही.

कल्याणला महेश, माझा नवरा, भावाची गाडी घेऊन उभा होता. तो आटगावचा, आमचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बाबांनी माझी मोठी बॅग स्वतः उचलून त्या गाडीत ठेवली, डिकी नीट लागली का ते हाताने दाबून बघितलं आणि म्हणाले, "पोचलीस का फोन कर, बाय. थंडी लय असते म्हनतात." एवढंच. तोवर परतीची माणसं एसटीत भरली होती. आई चढली, बाबा चढले, हॉर्न वाजला. मला वाटत होतं की मी त्यांना सोडून चाललेय. प्रत्यक्षात तेच मला सोडून गेले, अगदी टाइमावर.

वस्तीची गाडी म्हणजे काय, हे तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्या पोरांना मात्र सांगावं लागेल. दिवसातली शेवटची एसटी घाटाखालच्या एखाद्या गावात जाऊन थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच, गाडीत झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून निघते. बाबांच्या नोकरीतली कितीतरी वर्षं अशा वस्त्यांमध्ये गेली. हिवाळ्यात ते खिडक्यांच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, मागच्या लांब सीटवर गोधडी टाकायचे. भाकरी-कालवण गावातलं कुणीतरी आणून द्यायचं. आई त्या एसटीला 'लाल लुगड्यातली सवत' म्हणायची. "गेला तुजा बाप सवतीकडं," असं म्हणत ती दाराला कडी लावायची, आणि मी हसायचे. आता कळतं, ती सगळीच काही थट्टा नव्हती.

वस्तीचा एक नियम होता. गाडी कायम उतारावर लावायची, तोंड खाली करून. त्या काळच्या गाड्या थंडीत हटून बसायच्या, स्टार्टरचा सेल मारून मारून ड्रायव्हरचं बोट दुखायचं. उतारावर असली म्हणजे चाकाचे दगड काढायचे, न्यूट्रल करायची, ब्रेक सोडायचा. गाडी आपल्या वजनाने चालायला लागली की गिअर टाकायचा, मग खोकत खोकत इंजिन जागं व्हायचं. "सपाटीवर गाडी लावनारा डायवर सकाळी गावाच्या पाया पडतो," असं बाबा म्हणायचे, कारण मग धक्का मारायला झोपलेल्या माणसांना उठवावं लागे. त्यांनी कधी कुणाला उठवलं नाही. कधी गाडी घासलीसुद्धा नाही. बिनअपघाताचा बिल्ला मिळाला होता, तो आईने देवांच्या फळीवर ठेवला होता आणि दसऱ्याला ती त्यालाही फूल वाहायची.

इकडे कॅलगरीत आल्यावर पहिले दोन हिवाळे मी घराबाहेर पाऊल टाकायला घाबरायचे. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, ही गोष्ट कुणी लग्नाआधी सांगत नाही. मग हळूहळू माणूस सरावतो. महेश तर इतका सरावला की त्याने एक जुनी आर. व्ही. विकत घेतली. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, शेगडी, बेसिन, कपाटाएवढी बाथरूम. उन्हाळ्यात सगळेच जातात तिच्यातून रानावनात, पण इथले काही लोक भर बर्फातही जातात. उणे वीस तापमानात, पैसे भरून, मुद्दाम राहायला. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं. पाण्याच्या पाइपांना गरम राहणाऱ्या तारा गुंडाळायच्या, खिडक्यांना चंदेरी पत्र्यासारखं कापड लावायचं, गॅसची टाकी तपासत बसायची. एवढं करून सकाळी उठलं की आतल्या काचेवर आपल्याच श्वासाचा बर्फ झालेला असतो. पहिल्यांदा तो नखाने खरवडताना मला वर्तमानपत्राचे बोळे आठवले होते. मी महेशला म्हटलंही, आमच्या बाबांनी हे आयुष्यभर पगार घेऊन केलं, आणि आपण पैसे देऊन करतोय.

आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नाही. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही, ज्यांचं असं झालंय त्यांना कळेल. बाबा तोवर निवृत्त झाले होते, घरात एकटे. शेजारी चुलतभाऊ आणि सुमनवहिनी आहेत, ती दोघं बघतात. पण शेजारी ते शेजारी. माझ्या मनाने एकच घेतलं होतं, बाबांना कायमचं इकडे आणायचं. फोनवर विचारलं की ते 'बघू' म्हणायचे. शेवटी एका वर्षी यायला तयार झाले, पण भात झोडून घरात आल्याशिवाय निघणार नाही म्हणाले. भात घरात आलं, वाल पेरून झाले, आणि बाबा कॅलगरीत उतरले ते नेमके सगळ्यात वाईट थंडीत. महेश म्हणाला, "आता मामांना हे दिवस आवडले तर बाकीचं वर्ष सोपं आहे." मला त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता, राहतो.

आम्ही त्यांचं काही कमी केलं नाही. खिडकीजवळ, हीटरच्या बाजूला, त्यांच्यासाठी मऊ खुर्ची ठेवली. चहा हातात, जेवण हातात. ते बाहेर बर्फ ओढायला फावडं घ्यायचे, मी धावत जाऊन काढून घ्यायचे. घसरलात तर, बाबा? ते भांडी विसळायला उठायचे, मी मशीन दाखवायचे. दुपारभर ते खुर्चीत बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत. एकदा हसत म्हणाले, "एक दिवस पावना, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. माजी कवाच गेली, बाय." मीही हसले. म्हण ऐकली, आणि तिथेच सोडून दिली.

मग एके दिवशी ते घरात दिसेनात. शोधलं तर अंगणात उभ्या आर. व्ही.त, ड्रायव्हरच्या सीटवर, कानटोपी घालून बसलेले. काचेवर बोटभर बर्फ, बाहेरचं काही दिसत नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी हाक मारली तर दचकले, म्हणाले, "सीट चांगली हाय." महेशने ते ऐकलं आणि त्या शनिवारी आम्ही निघालो, डोंगराच्या पायथ्याशी, हिवाळ्यातही चालू असलेल्या एका कॅम्पच्या जागेवर.

तो रस्ताभर बाबा महेशच्या बाजूला बसून होते आणि मी इतक्या वर्षांत त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. समोरचा ट्रक हळू झाला, आता तो वळणार. पुढे सावली आहे, तिथे बर्फ पातळ असेल, सावकाश घ्या. महेश मुद्दाम विचारायचा, "डबल बेल मारू का, मामा?" बाबा खूश. जागेवर पोचल्यावर ते आधी खाली उतरले, चहूकडे फिरून आले आणि म्हणाले, "गाडी तिथं लावा." तिथे म्हणजे जागेच्या कडेला, जिथे जमीन रस्त्याकडे उतरत होती.

आर. व्ही. सपाट जागी लावतात. तिरकी असली तर फ्रिज नीट चालत नाही, झोपलं की डोक्यात रक्त उतरतं, आणि मुख्य म्हणजे गरज नसते. इंजिनाला गरम ठेवायला विजेची वायर जोडायची सोय असते, सकाळी किल्ली फिरवली की सुरू. महेशने हे सांगायला तोंड उघडलं, तर बाबा म्हणाले, "जावईबापू, आन् सकाळी काय करशीला? या थंडीत गाडी ऐकनारे का?" महेशने माझ्याकडे बघितलं. इतक्या आठवड्यांत या माणसाने पहिल्यांदा काही मागितलं होतं. त्याने गाडी उतारावर लावली, तोंड खाली करून, चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. सासऱ्याचं मन मोडायचं नाही, एवढाच त्यात विचार होता. विजेची वायरही जोडली, बाबांच्या नकळत.

संध्याकाळी मी छोट्या शेगडीवर तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सुका जवळा परतला तसा त्या एवढ्याशा डब्यात असा वास कोंडला की महेशने खिडकीची फट उघडली, आणि बर्फाची भुकटी सरळ ताटात आली. आम्ही तिघेही हसत सुटलो. पलंग तिरका होता, पेले टेबलावरून घसरत होते, बाबा एका हाताने पेला धरून जेवत होते. पाय ताणून, मागे टेकून, ते त्या डब्याकडे असे बघत होते की जणू हे सगळं त्यांच्या हाताखालचं आहे. मग म्हणाले, "इथं काय वाईट नाय. मानसं चांगली हायेत. रायला जमंल, बाय." मी हात धुवायचं निमित्त करून त्या कपाटाएवढ्या बाथरूममध्ये गेले आणि दार लावून रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की माझं सगळं एका ठिकाणी येतंय.

सकाळी लख्ख ऊन होतं. निघायची वेळ झाली तसं महेशने किल्ली बाबांच्या हातात दिली. "मामा, तुम्हीच चालू करा, गरम होऊ दे." त्याला किल्ली फिरवणं एवढंच म्हणायचं होतं. मी पुढच्या बाजूला, वायर काढायला गेले होते. बाबांनी मात्र ते सगळं केलं जे त्यांनी हजार पहाटे केलं होतं. खाली उतरून चाकांचे ठोकळे काढले. वर बसले. न्यूट्रल केली. ब्रेक सोडला.

गाडी माझ्याकडे यायला लागली. आदल्या दिवशी गरम चाकांखाली बर्फ वितळला होता आणि मग त्याची काच झाली होती. बाबांनी लगेच ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. आवाज न करता, सावकाश, ती तिरकी घसरत आली. महेश ओरडला, मी बाजूला पडले. माझ्या बुटाजवळून चाक गेलं. वायर तटकन तुटली आणि फावड्याने बाजूला केलेल्या बर्फाच्या ढिगात गाडी नाक खुपसून थांबली. पुढचा दिवा फुटला. बाकी कुणाला काही झालं नाही.

बाबा सीटवरून उतरेनात. मी दार उघडलं तर त्यांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते. "तू फुडं व्हतीस," एवढंच म्हणत होते. "तू फुडं व्हतीस गो." मी त्यांना धरलं, पाणी दिलं, पुन्हा पुन्हा सांगितलं की मला खरचटलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने ते फुटलेल्या दिव्याकडे गेले, काचेचे तुकडे बोटांनी वेचायला लागले आणि म्हणाले, "म्या कदी गाडी ठोकली नव्हती."

इथे मी जे बोलले ते आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या म्हाताऱ्या माणसाला कधी ना कधी म्हटलेलं असतं. मायेनेच म्हणतो आपण. मी म्हटलं, "राहू द्या बाबा. आता तुम्ही गाडीला हात नका लावू. तुम्ही नुसते बसा, आम्ही बघतो सगळं." महेशने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. बाबांनी हातातले काचेचे तुकडे माझ्या ओंजळीत दिले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. बाजूच्या जागेवरच्या एका माणसाने आपल्या ट्रकने आम्हाला ओढून बाहेर काढलं. परतीच्या रस्त्याला ट्रक आले, सावल्या आल्या, बाबा काही बोलले नाहीत.

त्यानंतर ते खुर्चीत बसले ते बसलेच. फावडं घ्यायला उठले नाहीत, आर. व्ही.कडे फिरकले नाहीत. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आता पडायची भीती नाही, असं वाटलं. एके दिवशी चहा पिताना त्यांनी महेशला विचारलं, परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का. मी भांडले. राहीन म्हणाला होतात, आता काय झालं? दिव्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "राग नाय गो. तुमी लय केलंत. पन बसून बसून मानूस गंजतो." विमानतळावर ते आत गेले तेव्हा मी पुन्हा त्यांच्या मानेकडे बघत होते, एवढी बारीक मान झाली होती. मी घरी आले आणि ती खुर्ची तळघरात नेऊन ठेवली.

आता बाबा गावात पिकअप चालवतात. चुलतभावाने घेतलीय, भेंडी, काकडी, वालाच्या शेंगा भरायच्या आणि धसईच्या बाजारात न्यायच्या. तेवढाच रस्ता, सपाट. फोन केला तर अर्ध्यात म्हणतात, "ठेवतो बाय, माल चढवायचाय." या वयात? पण मी तोंड उघडत नाही. दुधाने पोळलेय मी. कधी कधी वाटतं, त्या संध्याकाळी ते राहायला कबूल झाले ते माझ्यासाठी नाही, भाकरीसाठीही नाही. त्यांना तिथे काम दिसलं होतं. या परक्या मुलखात एक गाडी होती, तिला सकाळी चालू करायची होती, आणि ते त्यांच्याशिवाय होणार नाही असं त्यांना वाटलं होतं. त्यांचं अडलेलं नव्हतं, आमचं अडेल असं त्यांना वाटत होतं. आम्ही वायर आधीच जोडून ठेवली होती.

मागच्या हिवाळ्यात मी गावी गेले, एकटीच. बाबा मुरबाडला स्टँडवर न्यायला आले होते, पिकअप घेऊन. दुसऱ्या दिवशी लाइट नव्हती म्हणून नळाला पाणी नव्हतं. सुमनवहिनी हापशावर निघाली, मीही हंडा घेऊन मागोमाग गेले. लहानपणी डोक्यावर एक आणि कमरेवर एक घेऊन मी चढ चढायचे. हंडा भरला, मी उचलायला वाकले, तशी वहिनी धावत आली. "अगो ठेव, ठेव! पावनी मानसं तुमी. कंबर धरंल." तिने हंडा माझ्या हातून घेतलासुद्धा. मायेनेच घेतला. घरापुढे ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची माझ्यासाठी मांडलेली दिसत होती. वर धुतलेला टॉवेल टाकलेला. गावात आल्यापासून मी त्या खुर्चीत बसत होते. चहा हातात, ताट हातात. माझ्यावाचून तिथे कशाचंच अडत नव्हतं. जिथे आपलं असं कौतुक होतं ते घर राहत नाही, हे मला तिथे उभं राहून, मोकळ्या हातांनी, इतकं कळलं की डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं.

बाबा पिकअपच्या चाकाशी वाकून हवा बघत होते. मान वर न करता म्हणाले, "दे गो तिला. उचलंल ती."

वहिनीने हंडा परत दिला. मी उचलला. चढावर दोनदा थांबले, अर्धं पाणी अंगावर सांडलं, मान आखडली. कुणी मदतीला आलं नाही, कुणी हसलं नाही. उरलेलं अर्धं मी रांजणात ओतलं.

त्या सकाळी, बर्फात, महेशने किल्ली खिशात टाकली तेव्हा मला एवढंच म्हणायला हवं होतं. दे त्यांना. चालवतील ते.